‘एसडीएल.एच सापडत नाही’पासून पडद्यावरच्या खिडकीपर्यंत

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत टर्बो सी वर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल केलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. वर ‘ग्राफिक्स.एच’ इन्क्लूड करून भागत नसे. मेनूत ऑप्शन्स, त्यात लिंकर, त्यात लायब्ररीज असं जाऊन ‘ग्राफिक्स लायब्ररी’समोर खूण करावी लागे. ती राहिली, की ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल _इनिटग्राफ’. खूण केली पण इनिटग्राफला बीजीआय फोल्डरचा (ग्राफिक्स ड्रायव्हर ठेवलेल्या जागेचा) पत्ता चुकीचा दिला, तर प्रोग्रॅम व्यवस्थित बनायचा आणि चालवल्यावर ‘बीजीआय एरर’ दाखवायचा.

आज लिनक्सवर एसडीएल, जीटीके, क्यूटी या ग्राफिक्सच्या लायब्ररींपैकी (तयार फंक्शनांच्या संचांपैकी) कोणतीही जोडताना नेमक्या याच तीन जागी अडायला होतं: हेडर इन्क्लूड करताना, लायब्ररी लिंक करताना आणि प्रोग्रॅम चालवताना. फरक एवढाच, की खूण करायला मेनू नाही. कंपायलरला सगळं तोंडी सांगावं लागतं. आणि ‘काय व्हयनं रे भो?’ असं कोणी विचारलं, की ‘एसडीएल चालत नाही’ एवढंच सांगून भागत नाही. कोणत्या जागी अडलं ते कळलं, की अर्धं काम झालं.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवरून मित्राला सांगतो तशा. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. ते सोडून देऊ नका, लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक म्हणजे वेगळी फाइल.

लायब्ररी म्हणजे एक फाइल नव्हे

उदाहरणाला एसडीएल२ घेऊ. सिम्पल डायरेक्टमीडिया लेअर असं तिचं पूर्ण नाव. सॅम लँटिंगा यांनी १९९८मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी, २.० आवृत्ती २०१३मध्ये आली. नवशिक्याला ती बरी पडते, कारण तिचे फ्लॅग (कंपायलरला द्यायचे जास्तीचे शब्द) थोडे आहेत आणि चूक कुठे झाली ते लगेच दिसतं.

नवीन माणसाची नेहमीची तक्रार अशी: ‘माझ्या मशीनवर एसडीएलवर बनलेला गेम चालतो, म्हणजे एसडीएल आहेच. मग कंपायलरला का दिसत नाही?’ तक्रार रास्त आहे. उत्तर पॅकेजच्या वाटणीत आहे. उबुंटू आणि डेबियन एकच लायब्ररी दोन पॅकेजांत वाटतात. गेम चालवायला लागते ती ‘लिबएसडीएल२-२.०.एसओ.०’ नावाची फाइल, आणि ती पहिल्या पॅकेजात येते. प्रोग्रॅम बनवायला आणखी तीन गोष्टी लागतात, त्या दुसऱ्या पॅकेजात असतात:

– हेडर फाइली, म्हणजे कोणतं फंक्शन काय घेतं आणि काय देतं याची यादी. मुक्काम /यूएसआर/इन्क्लूड/एसडीएल२ (फोल्डरच्या नावातलं एसडीएल मोठ्या अक्षरांत).
– ‘लिबएसडीएल२.एसओ’ ही आकडे नसलेली जोडफाइल. ती त्या खऱ्या ‘.एसओ.०’ फाइलीकडे बोट दाखवते. लिंकर (कंपाइल झालेला कोड लायब्ररीशी जोडणारा प्रोग्रॅम) फक्त हेच बिनआकडी नाव शोधतो.
– ‘एसडीएल२.पीसी’ नावाची छोटी मजकूर फाइल. हेडर कुठे, लायब्ररी कुठे, आवृत्ती कोणती, हे तिच्यात लिहिलेलं असतं.

दुसऱ्या पॅकेजाच्या नावाला उबुंटूवर शेवटी ‘-डेव्ह’ असतं, फेडोरावर ‘-डेव्हेल’. आर्च लिनक्समध्ये ही वाटणीच नाही, सगळं एकात. म्हणून आर्चवाल्या मित्राच्या सल्ल्यात ‘डेव्ह’चा उल्लेख नसतो आणि उबुंटूवाला तासभर डोकं खाजवत बसतो.

बसवून घ्या, मग लगेच विचारून पाहा

उबुंटूवर:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पीकेजी-कॉन्फिग लिबएसडीएल२-डेव्ह

‘बिल्ड-इसेन्शियल’मधून जीसीसी हा कंपायलर, मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर मिळतात. फेडोरावर पॅकेजचं नाव माहीत नसलं तरी भागतं: `सुडो डीएनएफ इन्स्टॉल 'पीकेजीकॉन्फिग(एसडीएल२)'` असं दिलं, की ज्या पॅकेजात ती पीसी फाइल आहे ते ते स्वतः शोधून बसवतं. अवतरण चिन्हं विसरू नका, नाहीतर शेल कंसावर अडखळतो. उबुंटूवर असं अडलं तर `एपीटी-फाइल` बसवा, `सुडो एपीटी-फाइल अपडेट` करा आणि `एपीटी-फाइल सर्च` पुढे हरवलेल्या फाइलीचं नाव द्या. कोणत्या पॅकेजात ती आहे ते कळतं. इंटरनेटवर कोणीतरी चार वर्षांपूर्वी लिहिलेलं पॅकेजचं नाव डोळे मिटून टाकण्यापेक्षा ही सवय बरी.

आता प्रोग्रॅम लिहिण्याआधीच खात्री करा:

पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन एसडीएल२

२ ने सुरू होणारा आवृत्तीचा आकडा छापला, म्हणजे काम झालं. ‘नो पॅकेज एसडीएल२ फाउंड’ आलं, तर पुढे एक पाऊलही टाकू नका. डेव्ह पॅकेज बसलेलं नाही किंवा पीसी फाइल भलत्या जागी आहे.

पीकेजी-कॉन्फिग काय करतं ते समजून घ्या, कारण पुढे सीमेक असो की मेसन (मोठे प्रोजेक्ट बांधणारी साधनं), पुष्कळदा आतून तेच कामाला असतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये पहिल्यांदा आलेल्याला ‘डिस्प्ले इथेच मिळतो’ सांगून काही उपयोग नाही. कोणता मजला, कोणता गाळा, हे सांगावं लागतं. पीकेजी-कॉन्फिग तेवढंच सांगतं. स्वतः काही बसवत नाही, काही जोडत नाही. ठरलेल्या फोल्डरांतल्या पीसी फाइली वाचतं आणि कंपायलरला द्यायचे शब्द छापतं.

पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्स --लिब्ज एसडीएल२

उत्तर साधारण तीन तुकड्यांचं येतं. पहिला वजा-मोठा आय आणि त्याला चिकटून हेडरच्या फोल्डरचा पत्ता. दुसरा वजा-मोठा डी आणि ‘_रीएन्ट्रंट’, हा मॅक्रो आहे. तिसरा वजा-छोटा एल आणि त्याला चिकटून मोठ्या अक्षरांत एसडीएल, मग २. छोट्या एलचा अर्थ: ‘लिब’ आणि ‘.एसओ’ यांच्या मधलं नाव मी देतोय, पुढचं-मागचं तू लाव. म्हणून तिथे ‘लिबएसडीएल२’ लिहिलं तर लिंकर ‘लिबलिबएसडीएल२’ शोधायला निघतो.

पीकेजी-कॉन्फिगला द्यायचं नाव ‘एसडीएल२’ छोट्या अक्षरांत, आणि तेच नाव लिंकरला मोठ्या अक्षरांत. वर कडी म्हणजे चित्रं उघडणाऱ्या सोबतच्या लायब्ररीचं पीसी-नाव ‘एसडीएल२_इमेज’, त्यात एसडीएल मोठ्या अक्षरांत! याला काही तर्क नाही. `पीकेजी-कॉन्फिग --लिस्ट-ऑल` चालवा, पाइप लावून `ग्रेप -आय एसडीएल` करा आणि दिसेल तेच नाव नक्कल करून चिकटवा. जीटीकेतही तसंच: पॅकेज ‘लिबजीटीके-३-डेव्ह’, पण पीसी-नाव ‘जीटीके+-३.०’, मध्ये अधिक चिन्ह. चौथ्या आवृत्तीत ते सुटसुटीत ‘जीटीके४’ झालं.

दहा-बारा ओळींची चाचणी

मोठा प्रोजेक्ट जोडण्याआधी एक चिमुकला प्रोग्रॅम बनवा. मोठ्यात चूक कुणाची ते कळत नाही. फाइलचं नाव केळी.सी ठेवू (रोमन अक्षरांत, फाइलच्या नावात देवनागरी चालते, पण मेकफाइलच्या जुन्या नियमांशी कशाला झुंजायचं). त्यात क्रमाने एवढंच:

वर ‘एसडीएल.एच’ इन्क्लूड, एसडीएल मोठ्या अक्षरांत. पीकेजी-कॉन्फिगने फोल्डरच सांगितलं असल्यामुळे आधी ‘एसडीएल२/’ लावायची गरज नाही. मेन फंक्शनची दोन्ही आर्ग्युमेंटं, आर्गसी आणि आर्गव्ही, पूर्ण लिहा. कारण विंडोजच्या भागात येईल. मग एसडीएल_इनिट व्हिडिओसाठी. मग एसडीएल_क्रिएटविंडो, शीर्षक "रावेरची केळी", आकार ६४० बाय ४८०. मग एसडीएल_गेटविंडोसर्फेस, त्यावर एसडीएल_फिलरेक्टने पिवळा रंग (२५५, २०५, ४०), आणि एसडीएल_अपडेटविंडोसर्फेस. शेवटी क्विटचा इव्हेंट येईपर्यंत एसडीएल_वेटइव्हेंटचा लूप आणि एसडीएल_क्विट.

रंग भरायची पायरी गाळू नका. हल्लीच्या उबुंटूवर पडदा वेलँड सांभाळतो, आणि वेलँडवर काही रंगवून पाठवल्याशिवाय खिडकी उगवतच नाही. नुसतं ‘खिडकी बनव आणि तीन सेकंद थांब’ असा प्रोग्रॅम अचूक लिंक होतो, अचूक चालतो आणि थेट वेलँडवर चालला तर काहीच दाखवत नाही. लोक मग लिंकिंगमध्ये चूक शोधत राहतात.

बनवायची कमांड:

जीसीसी केळी.सी -ओ केळी $(पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्स --लिब्ज एसडीएल२)

डॉलर आणि कंस यांचा अर्थ: आतली कमांड आधी चालव आणि तिचं उत्तर इथे ठेव. हा तुकडा सोर्स फाइलच्या नंतर हवा. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. स्थिर (स्टॅटिक) लायब्ररी समोर आली त्या वेळी तिच्यातलं काही कोणी मागितलेलं नसेल, तर तो ती बाजूला ठेवून पुढे जातो. उबुंटूवर ‘ॲज-नीडेड’ आधीपासून चालू असल्यामुळे एसओ फाइलींच्या बाबतीतही तसंच होतं. म्हणजे बाजारात आधी काय हवं त्याची यादी करायची, मग दुकानात शिरायचं. लायब्ररी आधी लिहिलेली कमांड एखाद्या दुसऱ्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर) चालून जाते आणि तुमच्याकडे पडते, त्यामागे हेच असतं.

./केळी चालवलं आणि पिवळी खिडकी आली, तर पुढचा भाग सवडीने वाचा. नाही आली, तर आत्ताच.

एरर कोण देतंय ते आधी पाहा

‘फेटल एरर: एसडीएल.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही कंपायलरची ओरड. लायब्ररीपर्यंत मजल गेलेलीच नाही; यादीच सापडली नाही. सीफ्लॅग्स दिले का, मोठी-छोटी अक्षरं बरोबर का, एवढंच पाहा. इथे छोटा एल लावून काही होणार नाही, आणि नेमकं तेच लोक करतात.

‘कॅनॉट फाइंड -एल…’ ही लिंकरची ओरड, नाव कळलं पण फाइल मिळाली नाही अशी. बहुतेकदा बिनआकडी ‘.एसओ’ नाही, म्हणजे पुन्हा डेव्ह पॅकेज. तिथे ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ असंही दिसलं तर फाइल आहे, पण ३२ बिटची आहे आणि तुम्ही ६४ बिटचं बनवताय, किंवा उलट.

‘.एसओ.०’ वर हाताने ‘.एसओ’ नावाची लिंक करून वेळ मारून नेण्याचा सल्ला फार मिळतो. करू नका. हेडर एका आवृत्तीच्या आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, अशी मोट बांधली, की प्रोग्रॅम बनतो आणि भलत्याच जागी कोसळतो.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसडीएल_इनिट’ म्हणजे यादी मिळाली, पण माल मिळाला नाही. लिब्जचा भाग द्यायचा राहिला किंवा तो सोर्सच्या आधी आला. एरर ‘आयएमजी_लोड’बद्दल असेल, तर एसडीएल बरोबर जोडलं आहे; चित्रांची लायब्ररी वेगळी असते, तिचं ‘लिबएसडीएल२-इमेज-डेव्ह’ बसवून नाव कमांडमध्ये वाढवा. एररमधल्या फंक्शनचा उपसर्ग पाहायची सवय लावा: आयएमजी म्हणजे इमेज, टीटीएफ म्हणजे फॉन्ट, मिक्स म्हणजे आवाज. अर्धे प्रश्न उपसर्गातच सुटतात.

‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ हा वाक्प्रचार भीतीदायक आहे, पण त्यामागचं कारण साधं आहे. तुम्ही कॉस किंवा साइन वापरलंत, गणिताची लायब्ररी दुसऱ्या कुणामार्फत आत आलेली लिंकरला दिसते, पण तुम्ही स्वतः ती मागितलेली नाही. शेवटी वजा-एल-एम जोडा, झालं. तारा फिरवणारा किंवा आलेख काढणारा प्रत्येक प्रोग्रॅम एकदा तरी इथे थांबतो.

‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ हा मात्र बनवताना येत नाही, चालवताना येतो. प्रोग्रॅम तयार आहे. चालवणाऱ्या मशीनवर ‘.एसओ.०’ नाही किंवा लोडरला (चालवताना लायब्ररी शोधून उघडणाऱ्या भागाला) ती दिसत नाही. `एलडीडी ./केळी` चालवा. कोणती फाइल कुठून उचलली जाते ते ओळीने दिसतं आणि हरवलेलीसमोर ‘नॉट फाउंड’ असतं. हाच तुमचा जुना ‘बीजीआय एरर’.

आणि प्रोग्रॅम ‘नो अव्हेलेबल व्हिडिओ डिव्हाइस’ म्हणत असेल, तर लायब्ररी जोडण्याचं काम यशस्वी झालंय. तुम्ही एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवर बसला आहात, तिथे पडदाच नाही.

सीमेक वापरत असाल तर

दोन-चार फाइलींपुढे गेलं, की हाताने कमांड देणं पुरत नाही. सीमेकच्या फाइलीत (सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी, नावातले सी, एम आणि एल मोठे; खालच्या ओळींत एसडीएल, रिक्वायर्ड आणि प्रायव्हेट मोठ्या अक्षरांत) पाच ओळी पुरतात: किमान आवृत्ती, प्रोजेक्टचं नाव आणि भाषा सी, `फाइंड_पॅकेज(एसडीएल२ रिक्वायर्ड)`, `ॲड_एक्झिक्युटेबल(केळी केळी.सी)`, आणि `टार्गेट_लिंक_लायब्ररीज(केळी प्रायव्हेट एसडीएल२::एसडीएल२)`. शेवटच्या ओळीत दोन अपूर्णविरामांचं जे नाव आहे ते ‘टार्गेट’. त्याच्याबरोबर हेडरचा पत्ता, मॅक्रो, लायब्ररी असं सगळं एकत्र येतं. जुन्या लेखांत दिसणारं ‘एसडीएल२_लायब्ररीज’ हे व्हेरिएबल आता टाळा. ते रिकामं राहिलं तरी सीमेक तक्रार करत नाही, आणि एरर उगवतो लिंकिंगला.

चालवायचं दोन टप्प्यांत:

सीमेक -एस . -बी बिल्ड
सीमेक --बिल्ड बिल्ड

(-एस आणि -बी मोठ्या अक्षरांत.) सगळ्यात जास्त घाबरवणारा संदेश असतो तो ‘एसडीएल२कॉन्फिग.सीमेक’ किंवा ‘एसडीएल२-कॉन्फिग.सीमेक’ मिळाली नाही असं सांगणारा लांबलचक परिच्छेद. त्याचा अर्थ एवढाच, की लायब्ररीने स्वतःसोबत द्यायची पत्त्याची फाइल सीमेकला दिसली नाही. डेव्ह पॅकेज बसवा. ते बसलेलं असूनही हे आलं, किंवा लायब्ररी वेगळ्या जागी असली, तर `-डी` (मोठा) ला चिकटून `सीमेक_प्रिफिक्स_पाथ=` आणि लायब्ररीचं मूळ फोल्डर द्या. मूळ म्हणजे ज्याच्या आत ‘इन्क्लूड’ आणि ‘लिब’ दोन्ही आहेत ते. ‘लिब’पर्यंतचा पत्ता देणं ही नेहमीची चूक.

जीटीकेसोबत अशी सीमेक फाइल येत नाही. तिथे आधी `फाइंड_पॅकेज(पीकेजीकॉन्फिग रिक्वायर्ड)`, मग `पीकेजी_चेक_मॉड्यूल्स(जीटीके रिक्वायर्ड इम्पोर्टेड_टार्गेट जीटीके४)`, आणि लिंक करताना `पीकेजीकॉन्फिग::जीटीके`. ‘इम्पोर्टेड_टार्गेट’ हा शब्द सीमेक ३.६ पासून चालतो. क्यूटीचं निराळं: `फाइंड_पॅकेज(क्यूटी६ रिक्वायर्ड कम्पोनंट्स विजेट्स)` आणि टार्गेट `क्यूटी६::विजेट्स`. क्यूटीत ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल’ दिसलं, तर लायब्ररी शोधत फिरू नका. ‘सीमेक_ऑटोमॉक’ चालू करायचं राहिलेलं असतं. आणि क्यूटी सोर्सपासून बांधायला बसू नका. फार वेळ लागतो, आणि मे महिन्यात भुसावळला दुपारी सगळे कोअर पेटवून ठेवणं लॅपटॉपवर अन्याय आहे.

कॅशबद्दल अर्धवट माहिती खूप फिरते. सीमेक सापडलेले पत्ते बिल्ड फोल्डरात ‘सीमेककॅश.टीएक्सटी’मध्ये लिहून ठेवतं. जे सापडलं नव्हतं ते पुढच्या वेळी पुन्हा शोधतं, त्यामुळे डेव्ह पॅकेज बसवल्यावर नुसतं परत चालवलं तरी बहुधा पुरतं. खरा त्रास उलट्या बाजूने होतो. जुना, चुकीचा पत्ता सापडलेला असतो आणि सीमेक तोच धरून बसतं. तेव्हा बिल्ड फोल्डर उडवून द्या, किंवा सीमेक ३.२४ वा नंतरचं असेल तर `--फ्रेश` द्या. ॲनाकोंडा (पायथनचा तयार संच, त्याची कमांड ‘कॉन्डा’) वापरणाऱ्यांनी तर आधी `विच पीकेजी-कॉन्फिग` पाहावं. कॉन्डाचं एन्व्हायर्नमेंट चालू असलं, की त्यातलंच पीकेजी-कॉन्फिग आणि त्यातल्याच लायब्ररी पुढे येऊ शकतात. मग उबुंटूत कितीही पॅकेजं टाका, उत्तर बदलत नाही. `कॉन्डा डीॲक्टिव्हेट` करून नव्या बिल्ड फोल्डरात सुरुवात करा.

मुकाट्याने वगळणारे

आतापर्यंतचे एरर निदान ओरडतात तरी. न ओरडणारा प्रकार जास्त महागात पडतो. पुष्कळ प्रोजेक्ट ‘./कॉन्फिगर’ने बनतात आणि त्यांत ग्राफिक्स ऐच्छिक असतं. कॉन्फिगरच्या शंभर-दोनशे ओळींत कुठेतरी ‘चेकिंग फॉर … नो’ येतं, कोणी वाचत नाही, मेक यशस्वी होतं, आणि खिडकीवालं फीचर गायब.

पायथन सोर्सपासून बनवणाऱ्यांना हे हमखास भोवतं. उबुंटूवर ‘टीके-डेव्ह’ नसताना पायथन बनवला, तर तो बनतो. शेवटी ‘_टीकेइंटर’ (पायथनमधून खिडक्या काढायचं मॉड्यूल) बनवता आलं नाही अशी एक ओळ येऊन जाते. आठवड्याने ‘इम्पोर्ट टीकेइंटर’ केल्यावर ‘नो मॉड्यूल नेम्ड _टीकेइंटर’. मग पिपने बसवायचे प्रयत्न सुरू होतात. ते व्यर्थ आहेत. टीके-डेव्ह बसवून पायथनच पुन्हा कॉन्फिगर करून बनवावा लागतो.

म्हणून `./कॉन्फिगर --हेल्प` वाचा. ‘--विथ’ आणि ‘--एनेबल’ने सुरू होणारे पर्याय पाहा. जे हवंच आहे ते स्पष्ट मागा. बहुतेक ठिकाणी मग ते न मिळाल्यास कॉन्फिगर तिथेच थांबतो, आणि तेच हवं असतं. थांबल्यावर पडद्यावरची शेवटची ओळ वाचून अंदाज बांधू नका, ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा. त्यात कॉन्फिगरने चालवलेली छोटी चाचणी, तिची पूर्ण कमांड आणि कंपायलरचं खरं उत्तर असतं. फाइलच्या अगदी शेवटी नुसती व्हेरिएबलांची यादी असते. थोडं वर सरका.

लॅबमध्ये सुडो नाही

कॉलेजच्या लॅबमध्ये पासवर्ड मिळत नाही, हे गृहीत धरा. लायब्ररी घरच्या फोल्डरात बसवता येते: सोर्स आणा, कॉन्फिगरला `--प्रिफिक्स=$होम/लोकल` द्या (होम मोठ्या अक्षरांत), मेक, मेक इन्स्टॉल. मग दोन पत्ते सांगावे लागतात, आणि ते दोन वेगवेगळ्या वेळी लागतात.

बनवताना: `एक्स्पोर्ट पीकेजी_कॉन्फिग_पाथ=$होम/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग` (बरोबरच्या आधीचं नाव मोठ्या अक्षरांत). त्या फोल्डरात खरंच पीसी फाइल आहे का ते एलएस करून पाहा; काही सिस्टिमवर ती ‘लिब६४’ मध्ये जाते.

चालवताना: पीकेजी-कॉन्फिगचा इथे काही संबंध नाही, लोडर त्याला विचारत नाही. एकतर दरवेळी ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ मोठ्या अक्षरांत द्या, किंवा बनवतानाच पत्ता प्रोग्रॅममध्ये कोरून टाका: वजा-मोठा डब्ल्यू-छोटा एल, स्वल्पविराम, वजा-आरपाथ, स्वल्पविराम, आणि लिब फोल्डर, मध्ये कुठेही जागा न सोडता. दुसरी रीत चांगली. पहिली ‘.बॅशआरसी’त कायमची टाकली, तर लॅबमधले इतर प्रोग्रॅमही तुमची लायब्ररी उचलू लागतात.

स्वतःच्या मशीनवर /यूएसआर/लोकल मध्ये बसवलं असेल आणि लोडरला दिसत नसेल, तर आधी `सुडो एलडीकॉन्फिग`. आणि बिल्ड सुडोने करू नका: सुडो तुमचे एक्स्पोर्ट केलेले पत्ते पुढे नेत नाही, त्यामुळे मघाशी सापडलेली लायब्ररी अचानक हरवते.

विंडोजवर, थोडक्यात

एमसिस२ (विंडोजवर जीसीसी वगैरे देणारा संच) बसवा आणि त्याचं ‘यूसीआरटी६४’ नावाचं टर्मिनल उघडा. नुसतं ‘एमसिस’ नाही. `पॅकमन -एसएस एसडीएल२` (पहिला एस मोठा) ने नावं शोधा आणि ‘यूसीआरटी’ उपसर्ग असलेलंच घ्या. जीसीसी आणि पीकेजीकॉन्फही त्याच उपसर्गाचे. पुढची जीसीसीची कमांड वरचीच.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन’ आलं, तर कारण असं: विंडोजवर एसडीएल२ची हेडर तुमच्या मेनचं नाव मॅक्रोने बदलून एसडीएल_मेन करते आणि खरा मेन ‘एसडीएल२मेन’ या छोट्या स्थिर लायब्ररीत असतो. म्हणून मेन दोन्ही आर्ग्युमेंटांसह लिहायचा आणि क्रम ठेवायचा: मिंगडब्ल्यू३२, एसडीएल२मेन, एसडीएल२. पेनड्राइव्हवरून मित्राला एक्झी देताना ‘एसडीएल२.डीएलएल’ त्याच फोल्डरात ठेवा. ‘०एक्ससी०००००७बी’ असा आकडा दिसला, तर बहुतेकदा ३२ बिटची डीएलएल ६४ बिटच्या प्रोग्रॅमला दिली गेली आहे.

आवृत्ती आणि मराठी अक्षरं

एसडीएल३ची पहिली स्थिर आवृत्ती २०२५च्या जानेवारीत आली. तिचं पीसी-नाव ‘एसडीएल३’, हेडर ‘एसडीएल३/एसडीएल.एच’. जुना कोड नुसतं नाव बदलून जोडू नका. एसडीएल२मध्ये एसडीएल_इनिट यशस्वी झाल्यावर शून्य देतं. एसडीएल३मध्ये ते ट्रू देतं. ‘शून्यापेक्षा कमी असेल तर एरर’ ही जुनी तपासणी तिथे कधीच लागू होत नाही, आणि अपयश मुकाट्याने निसटतं.

खिडकीचं शीर्षक देवनागरीत द्यायला फाइल यूटीएफ-८ मध्ये असली की पुरे. खिडकीच्या आत मजकूर काढायला एसडीएल२_टीटीएफ लागते, आणि ती हार्फबझ या लायब्ररीसोबत बनलेली हवी. नसेल तर ‘दि’ची वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, ‘क्ष’ आणि ‘त्र’ तुटून हलंतासह दिसतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. `एलडीडी` त्या टीटीएफच्या ‘.एसओ’ फाइलीवर चालवा. यादीत हार्फबझ दिसलं, तर मग फॉन्टकडे वळा. लायब्ररी स्वतः बनवताय, तर आधी ‘लिबहार्फबझ-डेव्ह’ बसवा आणि कॉन्फिगरच्या यादीत त्याच्यासमोर ‘येस’ आलंय हे पाहूनच मेक करा.

नेट नसेल तिथे

धडगाव-अक्कलकुव्याकडे मशीन न्यायचं असेल, तर पॅकेजं आधीच उतरवून ठेवा: `सुडो एपीटी इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली लिबएसडीएल२-डेव्ह`. डेब फाइली /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज मध्ये जमा होतात. गोम अशी, की या मशीनवर जे आधीच बसलेलं आहे ते एपीटी उतरवत नाही. तुमच्या रुळलेल्या लॅपटॉपवरून नेलेल्या फाइली कोऱ्या मशीनला अपुऱ्या पडतात. त्यामुळे उबुंटूची तीच आवृत्ती ताजी बसवलेल्या मशीनवरच हे करा, बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिगही त्याच कमांडमध्ये घ्या, आणि तिकडे पोहोचल्यावर त्या फोल्डरात जाऊन `सुडो एपीटी इन्स्टॉल ./*.डेब`. तारांकनाच्या आधीचं ‘./’ हवंच, ते नसेल तर एपीटी त्या नावाचं पॅकेज आपल्या पॅकेजांच्या यादीत शोधू लागतं.